गुलाबी बोंडअळीचं पाखरू ओळखायचं कसं? पहिले तर गुलाबी रंग शोधणं बंद करा

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या भाऊ, कपाशीची बोंडं आतून खाणाऱ्या गुलाबी बोंडअळीचं पाखरू गुलाबी नसते. अळी गुलाबी असते, ती पण मोठी झाल्यावर, लहान असताना तीही पांढुरकीच राहते. पाखरू मात्र मातकट, वाळल्या पाल्याच्या रंगाचं. हे पाखरू पकडायचा सापळा पहिल्यांदा लावणारे पोट्टे त्याच्या पिशवीत डोकावून "एकही गुलाबी नाही, आपलं वावर साफ आहे" म्हणून घरी जातात, आणि काही जण याच्या उलटे, पिशवीत मेलेलं जे काही दिसलं ते सगळं मोजून मोकळे. मी या दोन्हीत बसून आलेलो आहे म्हणून हे लिहून राहिलो.

माझा किस्सा ऐका आधी. २०१७ ला विदर्भात या अळीनं कापसाचं जे करून ठेवलं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यानंतर आमच्या गावात कोणतंही भुरकं पाखरू दिसलं का लोकांच्या पोटात गोळा येत होता. पुढच्याच साली दसऱ्याच्या आधी सपरीतल्या बल्बखाली रोज संध्याकाळी बारीक बारीक पाखरं जमायला लागली, मी म्हटलं झालं, आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पंप पाठीवर घेऊन चार एकर फवारून टाकलं. तीन-चार दिवसांनी आईनं ज्वारीची कोठी उघडली तं तेच पाखरू भुर्रकन तोंडावर आलं, दाण्यांना गोल गोल भोकं पडलेली. म्हणजे ते ज्वारीचं पाखरू होतं, वावराशी त्याचा काही संबंध नव्हता. औषध गेलं, मजुरी गेली, आणि आई अजूनही पाव्हण्यांसमोर हा किस्सा काढते.

तर मग कामाला लागू.

काय काय लागते

फार काही नाही. एक भिंग, दहापट मोठं दाखवणारं असलं तर उत्तम, सोनार वापरतात तसलं. पोरांच्या भूमितीच्या वहीतला आलेख कागद, त्यावर मिलिमीटरचे चौकोन छापलेले असतात त्यामुळे वेगळी पट्टी लागत नाही. कलरचा बारीक ब्रश, नसला तर बाभळीचा काटाही चालते पण ब्रश बरा. एक झाकणाची डबी. आणि पाच रुपयांचं पितळी नाणं, ते कशाला ते पुढं सांगतो. मोबाईल तर खिशात आहेच.

सापळा लावणं

कामगंध सापळा म्हणजे वर झाकण, मधात फनेल, खाली लांब प्लॅस्टिकची पिशवी, आणि झाकणाखाली अडकवलेली ती छोटी ल्युअर. ल्युअरमध्ये असतो मादीचा वास. शास्त्रज्ञांनी १९७३ साली या वासातले दोन घटक शोधून काढले, दोन्ही जवळपास निम्मे निम्मे, त्याला गॉसिप्लुर म्हणतात. नराला वाटते मादी बोलावून राहिली, तो येतो, फनेलमधून खाली पडतो आणि पिशवीत अडकतो. म्हणजे या पिशवीत तुम्हाला फक्त नर भेटणार, मादी शोधत बसू नका. आणि नर-मादीचे पंख दिसायला सारखेच असतात, त्यामुळे खाली जे वर्णन देऊन राहिलो ते दोघांनाही लागू आहे.

दुकानातून ल्युअर घेताना पाकिटावर पेक्टिनोफोरा किंवा गुलाबी बोंडअळी असं लिहिलेलं पाहूनच घ्या. अमेरिकन बोंडअळीची वेगळी असते, ठिपक्याच्या अळीची वेगळी, लष्करी अळीची वेगळी, आणि हंगामाच्या गर्दीत काउंटरवर कोणतंही पाकीट हातात पडू शकते. दुसरं, एका हातानं दोन जातीच्या ल्युअर लावू नका, वास हाताला लागते आणि मग सापळ्यात भलतेच पाव्हणे येतात. पाकीट फोडताना हातात प्लॅस्टिकची पिशवी घाला. तंबाखू मळलेल्या हातानं तर अजिबात नको (हे आमच्या सालदारभाऊसाठी लिहून राहिलो, तो वाचणार नाही ही गोष्ट वेगळी).

पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी, म्हणजे पात्या (फुलाच्या कळ्या) लागायच्या वेळेला, एकरी दोन सापळे लावा. हेक्टरी पाच असा हिशेब आहे. सापळा पिकाच्या शेंड्याच्या थोडा वर राहिला पाहिजे, आणि पराटी वाढली का सापळाही वर सरकवा, नाहीतर पोळ्यापर्यंत तो झाडात बुडून जाते आणि तुम्ही म्हणता पाखरू येऊन नाही राहिलं. ल्युअर किती दिवसांनी बदलायची ते पाकिटावर लिहिलेलं असते, बहुतेक दोन-तीन आठवडे. पिशवीचं खालचं तोंड घट्ट बांधा आणि काठीला बुडाशी थोडं ग्रीस किंवा राख लावा, कारण मुंग्या. मुंग्या पिशवीत घुसल्या का अंग खाऊन जातात, मागं नुसते पंख राहतात. तसं झालं तर पुढचे पंख गोळा करा आणि दोननं भागा, इलाज नाही.

सकाळी पिशवी खाली करा

हे पाखरू रात्रीचं. दिवसा जमिनीच्या भेगांत, पाल्याखाली लपून बसते, त्यामुळे दुपारी वावरात फिरून ते दिसत नाही म्हणजे ते नाही असं समजू नका. सापळा सकाळी पाहा, ऊन चढायच्या आत. पिशवीत जी जिवंत असतील ती डबीत टाकून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात तासभर ठेवली का शांत होतात. बायको ओरडते, डबीवर नाव लिहून ठेवा.

आणि पाखरू चिमटीत धरू नका. पंखावर जी पावडर असते ना, बोटाला लागते ती, तेच त्याचं डिझाईन आहे. ते बारीक बारीक खवले असतात, छपरावरच्या कवेलूसारखे एकावर एक बसवलेले, आणि पंखावरचे सगळे डाग म्हणजे वेगवेगळ्या रंगाचे खवले. खवले झडले का खाली राहते नुसता पारदर्शक पापुद्रा, मग ब्रह्मदेव आला तरी ते पाखरू ओळखणार नाही. पिशवीत रात्रभर फडफड करून अर्ध्या पाखरांचं असंच झालेलं असते, म्हणून ओळखायला शिकायचं तर त्यातलं सगळ्यात ताजं, ज्याच्या अंगावर रंग शाबूत आहे असं एक निवडा. ब्रशनं उचला. पावसात भिजलेलं असेल तर सावलीत वाळू द्या, ओलं पाखरू सगळं काळंच दिसते.

नाणं काढा

आता ते पाच रुपयांचं नाणं. पितळी नाण्याचा व्यास आहे २३ मिलिमीटर. आपलं पाखरू पंख पसरून मोजलं तर साधारण १५ ते २० मिलिमीटर भरते, म्हणजे नाण्यावर ठेवलं तर पंखांची टोकं काठाच्या आतच राहतात. बाहेर गेली तर ते आपलं नाही, संपला विषय. या एका खेपेतच पिशवीतली मोठी मोठी पाखरं बाजूला निघतात. नवीन माणसानं दुसरं काही नाही शिकलं आणि एवढंच केलं तरी निम्म्या चुका कमी होतात असं माझं मत आहे.

पंख मिटलेलं असेल तर ते किती, तर टरफलासकटच्या धानाच्या दाण्याएवढं, आठ-दहा मिलिमीटर. भंडारा-गोंदियाकडच्या लोकांना हे लगेच समजते, आम्ही यवतमाळकडचे, आम्हाला मूठभर धान मागून आणावं लागलं. पण आकारही तसाच असते खरं, लांबट, निमुळतं, पंख अंगाला चिकटवून बसलेलं. फुलपाखरासारखे पंख उभे करून बसत नाही आणि मोठ्या पाखरासारखं त्रिकोणी पसरूनही बसत नाही.

पुढचा पंख, इथं घाई करू नका

पाखरू आलेख कागदावर ठेवा, खिडकीजवळ, उजेड एका बाजूनं आला पाहिजे. डोक्यावरून टॉर्च मारला तर पंख चमकतात आणि डाग दिसतच नाहीत. भिंग डोळ्याला लावा आणि कागद वर आणा, भिंग खाली नेऊ नका.

पुढचा पंख अरुंद, लांबट, टोकाला निमुळता. रंग करडा-तपकिरी, कधी जास्त तपकिरी, कधी राखाडीकडे झुकलेला, काळ्या मातीत थोडी राख मिसळली तर जसं होईल तसं. आणि त्याच्यावर काळपट डाग. आता सगळ्यात जास्त लोक जिथं अडकतात ती जागा ही आहे, कारण ते शोधतात एक ठरलेली खूण, म्हणजे एक गोल ठिपका, किंवा एक सरळ रेघ. तसं काही नाही इथं. डाग वेडेवाकडे आहेत, कडा पुसट, शाईवर पाणी सांडल्यासारख्या, आणि काही ठिकाणी हे डाग एकमेकांत मिसळून पंखावर आडवे पट्टे झाल्यासारखे वाटतात. ते पट्टेही तुटक. टोकाकडचा भाग बऱ्याच पाखरांत जास्त गडद दिसते. दोन पाखरं शेजारी ठेवली तर दोघांचे डाग शंभर टक्के सारखे नसतात, एखाद्यात ठळक, एखाद्यात इतके फिकट का नुसतं मळकं वाटते. म्हणून एका पाखरावरून शिकू नका, दहा ठेवा रांगेत. दहा पाहिल्यावर डोळ्याला आपोआप समजते का हे सगळे एकाच घरचे आहेत.

मला जो साधा नियम जमला तो असा: पुढच्या पंखावर जर काही स्पष्ट, ठसठशीत, सांगता येईल असं डिझाईन दिसून राहिलं, हिरवा पट्टा, पांढऱ्या रेघा, तांब्याचा रंग, एखादा ठळक ठिपका, तर समजा ते दुसरं कोणीतरी आहे. आपलं पाखरू सांगता न येणारं, धुरकट असते. तीच त्याची ओळख.

मागचा पंख आणि तोंड

आता ब्रशच्या टोकानं पुढचा पंख हळूच वर सरकवा. खालून मागचा पंख दिसेल, आणि तो एकदम वेगळा, चांदीसारखा करडा, त्याच्यावर डाग काहीच नाही. रुंदीला पुढच्या पंखापेक्षा जास्त. आणि कडेला लांब केसांची झालर, नऊवारीच्या पदराला दशा असतात तशी. झालर पुढच्या पंखालाही असते टोकाकडे, पण मागची जास्त नजरेत भरते. वर मळकं आणि आत चांदी, हे कॉम्बिनेशन लक्षात ठेवा.

मग डोकं. बाजूनं पाहा. तोंडाच्या पुढून दोन मिशा निघतात आणि वाकून वर जातात, डोळ्यांच्या समोरून, बैलाच्या शिंगांसारख्या. या स्पर्शिका नाहीत, या तोंडाजवळच्या वेगळ्या, स्पर्शिका लांब दोऱ्यासारख्या मागं गेलेल्या असतात. ही शिंगं भिंगाशिवायही दिसतात डोळे चांगले असले तर.

आणि शेवटची खूण भिंगाशिवाय दिसतच नाही पण दिसली का मजा येते. स्पर्शिकेचा जो पहिला मणी, डोक्याला चिकटलेला, त्याच्यावर पाच-सहा ताठ केस एका ओळीत उभे असतात, फणीच्या दातांसारखे. या अळीचं शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला, त्यातलं पेक्टिनोफोरा म्हणजे फणी बाळगणारी, आणि गॉसिपिएला हे कपाशीच्या शास्त्रीय नावावरून. सॉन्डर्स नावाच्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानं १८४४ साली या जातीचं वर्णन केलं, ते पण भारतातल्या कपाशीवरच्या नमुन्यांवरून. म्हणजे ही पाव्हणी काही काल-परवाची नाही. मला ही फणी पहिल्यांदा दिसायला तीन दिवस लागले, पाखरं जुनी होती आणि केस झडून गेले होते, नंतर एक ताजं भेटलं तेव्हा दिसली. तुम्हाला नाही दिसली तर वाईट वाटून घेऊ नका, नाणं, धुरकट पंख, चांदीचा मागचा पंख आणि शिंगं एवढं जुळलं तरी वावरातल्या कामापुरतं भागते.

गफलत कुठं कुठं होते

घरातलं ज्वारीचं पाखरू, माझं खास. हे आणि बोंडअळीचं पाखरू एकाच कुळातले, चुलत भाऊ म्हणा, म्हणून आकार, झालर, वर वळलेली शिंगं सगळं सारखं. फरक रंगात. ज्वारीचं पाखरू फिकट, कडब्यासारखं पिवळट, त्याच्यावर ते काळपट डाग जवळजवळ नसतात. आणि मागचा पंख पाहा, तो बारीक, टोकाला बोटासारखा निमुळता होत गेलेला, आणि झालर पंखाच्या रुंदीपेक्षाही लांब. आणखी एक सोपी गोष्ट, ते बल्बवर येईल पण गॉसिप्लुरच्या सापळ्यात त्याला काही काम नाही. म्हणून बल्बखालच्या पाखरांवरून फवारणी ठरवू नका. घरात पिठाच्या, शेंगदाण्याच्या डब्यातून आणखी एक निघते, त्याच्या पंखाचा अंगाकडचा भाग फिकट आणि बाहेरचा अर्धा तांबूस, दोन रंगांत कापल्यासारखा, ते ओळखायला भिंगही लागत नाही.

अमेरिकन बोंडअळीचं पाखरू धष्टपुष्ट, पंख पसरून ३५-४० मिलिमीटर, नाण्याच्या बाहेर. पुढच्या पंखाच्या मधात काळसर ठिपका, मागच्या फिकट पंखाला बाहेरून रुंद काळी पट्टी. शेजारी तूर-हरभरा असला का ही वावरात फिरणारच. तंबाखूवरच्या अळीचं पाखरूही मोठंच, पुढच्या पंखावर पांढुरक्या रेघांची आडवी-तिडवी जाळी, मागचा पंख पांढरा.

ठिपक्याच्या अळीची दोन. एकाच्या फिकट पंखावर मधोमध पाचरीसारखा हिरवा पट्टा, दुसऱ्याचा अख्खा पंखच हिरवा. हिरवं दिसलं का सोडून द्या.

ही वेगवेगळी ओळखायची कटकट काऊन करायची, तर बीटी कपाशीमुळे, म्हणजे जिच्या बियाण्यातच अळी मारणारा जीन घातलेला असते ती कपाशी. बीटी आपल्याजवळ २००२ ला आली, दोन जीनवाली २००६ ला. अमेरिकन आणि ठिपक्याची अळी बीटीनं बऱ्यापैकी दाबून ठेवली, पण गुलाबी अळीनं दोन्ही पचवले. म्हणून बीटीच्या वावरात पिशवीतलं अमेरिकन पाखरू आणि गुलाबीचं पाखरू यांचा अर्थ एक नाही, आणि दोन्ही एकाच बेरजेत टाकले तर तो आकडा कशाच्याच कामाचा नाही.

एखादवेळी हिरव्या जाळीदार पंखांचा नाजूक किडा सापडते, तो क्रायसोपा, मित्रकीड आहे, जिवंत असला तर सोडून द्या.

आता मोजा

नियम सांगतात तो असा, एका सापळ्यात एका रात्रीत आठ पाखरं, आणि असं सलग तीन रात्री, तर मग पुढचं पाऊल. यात "एका रात्रीत" आणि "सलग" हे दोन शब्द महत्त्वाचे. आमच्या शेजारचे काकाजी आठवड्यातून एकदा पिशवी खाली करत होते आणि एकदा धुऱ्यावरूनच ओरडले, एकोणपन्नास, एकोणपन्नास! मी म्हटलं काकाजी सात दिवसांचे एकोणपन्नास म्हणजे रोजचे सात, अजून थांबा. ते थांबले नाहीत ही गोष्ट वेगळी. म्हणून पिशवी रोज सकाळी खाली करायची, वहीत तारीख, सापळा नंबर आणि आकडा, बस. सापळ्यांना नंबर द्या, धुऱ्याजवळचा आणि मधातला यांच्यात फरक पडते तो नंतर समजते.

आणि आकडा भरला म्हणून लगेच पंप उचलू नका, आधी बोंडं फोडून पाहा. एकरातून वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं तोडा, फार कोवळी नको, फार निबर नको, बोटानं दाबली तर दबतील अशी. चिरून आत पाहा. दोन किंवा जास्त बोंडांत अळी भेटली म्हणजे १० टक्के झाले, मग फवारणीचं पाहा. बाहेरून बोंड साफ दिसते, भोक दिसत नाही, कारण अळी अगदी बारीक असताना आत घुसते आणि ते भोक भरून येते, त्यामुळे चिरल्याशिवाय इलाज नाही. फुलांच्या टाईमला डोमकळ्या मोजा, गुलाबाच्या कळीसारखं न उमललेलं फूल दिसलं का तोडून उघडा, आत ती बसलेली असते.

फोटो कसा पाठवायचा

कोणाला विचारायचं असेल तर फोटो नीट काढा, व्हॉट्सअपवर जे झूम करून करून फाटलेले फोटो येतात त्यातून कोणालाच काही सांगता येत नाही. आलेख कागदावर पाखरू, बाजूनं उजेड, मोबाईल थोडा दूर धरून मग झूम. अगदी जवळ नेला तर फोकस होत नाही. तीन फोटो पाहिजेत: वरून पंख मिटलेला, पुढचा पंख सरकवून मागचा दिसेल असा, आणि बाजूनं डोक्याचा. सोबत लिहा का सापळ्यात भेटलं का बल्बवर, आणि ल्युअर कोणती होती. हे तीन फोटो घेऊन तुम्ही नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठात गेले, नाहीतर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात, तर समोरच्या माणसाला लगेच सांगता येते.

ओळख पटलेलं एक चांगलं पाखरू मग फेकू नका. आगपेटीत कापूस घालून त्यावर ठेवा, कोपऱ्यात डांबरगोळीचा तुकडा, आणि आगपेटी बंद डब्यात, नाहीतर तिथंही मुंग्या येतात, माझं पहिलं पाखरू असंच गेलं. पुढच्या साली पिशवीतलं पहिलं पाखरू त्याच्या शेजारी ठेवून पाहायचं. माझ्या आगपेटीत आता दोन आहेत, डावीकडे बोंडअळीचं आणि उजवीकडे आईच्या कोठीतलं, वर पेनानं लिहून ठेवलं आहे का फवारणी कोणासाठी आणि ऊन दाखवणं कोणासाठी.